भेगेतलं पाच रुपयाचं नाणं

आमच्या हॉलच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी छताकडे जाते. मे महिन्यात तिच्यात पाच रुपयाचं नाणं उभं मावायचं. जुनं, जाड, पांढरं नाणं, हल्लीचं पिवळं नव्हे. आणि दिवाळीच्या सुमाराला तिथेच पोस्टकार्डसुद्धा सरकायचं नाही. अकरा वर्षं मी हा उद्योग करते आहे. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ, शेजारी तारीख. त्याच भिंतीवर खालच्या बाजूला मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत. पाहुणे त्या बघून कौतुक करतात आणि वर बघून विषय बदलतात.

माझा धंदा शाळेचे गणवेश शिवायचा. सोलापुरात हे सांगितलं की पुढे काही समजवावं लागत नाही. पुढे सात मशिनी आणि कटिंगचं टेबल, मागे आम्ही राहतो. सांगायचा मुद्दा, मी इंजिनीअर नाही. पण माप घ्यायची सवय जात नाही, आणि काळ्या मातीवर घर बांधून सतरा वर्षं राहिल्यावर माणसाला मातीतलं थोडंफार कळायला लागतं. २०२५ च्या सप्टेंबरात तिने आमच्याकडून फी वसूल केली, म्हणून हे लिहिते आहे.

घर २००८ चं. जुळे सोलापूरकडचा प्लॉट, आधी तिथे ज्वारीचं शेत होतं. बांधकामाला पाणी हवं म्हणून पहिल्यांदा बोअर मारलं. बोअरवाल्याने वर आलेल्या मातीचे छोटे छोटे ढीग ओळीने मांडून ठेवले होते: दहा फुटांपर्यंत काळीभोर माती, मग पिवळट मुरूम, मग दगडाची पूड. म्हणजे घराखाली काय आहे याचा अख्खा नकाशा आमच्या दारात मांडला होता. मी त्यातली काळी माती तुळशीला घातली. कॉन्ट्रॅक्टरने चार फूट पाया खणला, दगड भरला, वर जोत्याचा बीम टाकला आणि म्हणाला, "एकदम दणकट." चार फुटांवर खाली काय होतं? काळी मातीच. ते त्याने विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

२०१२ मध्ये पहिली भेग. दुष्काळाचं साल होतं. मी पुट्टीने भरून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात भेग जुन्या जागेच्या अर्धा इंच बाजूला उघडली. सिमेंटने भरली. परत बाजूला. तिसऱ्यांदा एका रंगवाल्याने जाळी लावून कसलंसं रबरी केमिकल भरलं आणि पैसेही रबरासारखे ताणून घेतले. त्या वर्षी भेग तिथे आली नाही, दाराच्या चौकटीवर आली. खरं तर हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. घट्ट झालेला ब्लाउज काखेत उसवला की तिथेच दुहेरी टीप मारून भागत नाही, मग कापड शेजारी फाटतं. ब्लाउजला माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडायला हवी होती.

ज्या मिस्त्रीमामांनी मला शहाणं केलं ते चौथ्या वेळी आले. त्यांनी करणी पिशवीतून बाहेरच काढली नाही. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, हौदाचं झाकण उचललं, कडुलिंबाकडे बघितलं आणि म्हणाले, "अक्का, भेग भरून काय उपयोग? पाणी कुठनं यालंय अन् कुठं जायलंय ते बगा आधी."

हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. बहुतेकांनी पुट्टीच भरली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ओव्हरसियर काका आहेत. आयुष्य कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामावर गेलं. त्यांनी मला माती समजावली, आणि मला ती लगेच समजली, कारण ती कापडासारखी आहे. कोरं सुती कापड पाण्यातून न काढता शिवलं की पहिल्या धुण्यात आटतं. काळी माती उलट वागते, पाण्यात फुगते आणि वाळली की आटते. आणि कापड एकदाच आटतं, ही दरवर्षी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. नाव फ्रान्समधल्या गावाचं, पण मुक्काम आपल्या दख्खनच्या बसाल्टाच्या चुऱ्यात. त्याचे पापुद्रे कांजी केलेल्या कापडाच्या घड्यांसारखे एकावर एक असतात. घड्यांमध्ये पाणी शिरलं की घड्या एकमेकींपासून सरकतात आणि थप्पी फुगते. फुगताना वर जे असेल ते उचलते. लहान, हलकं घर असेल तर सहज उचलते. मोठ्या जड इमारतीपेक्षा आमच्यासारख्या बैठ्या घरांना हा त्रास जास्त, हे ऐकून मला फार अपमान वाटला.

काकांनी एक प्रयोगही सांगितला. प्रयोगशाळेत खरोखर असाच करतात, मी स्वयंपाकघरात केला. माती वाळवायची, कुटायची, चाळायची. चाळण मैद्याचीही जाड पडली, म्हणून व्हॉइलच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली. दहा ग्रॅम इकडे, दहा ग्रॅम तिकडे. दोऱ्याच्या कोनचं वजन करायचा काटा होताच. शंभर मिलिलिटरची दोन मापं घेतली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, नुसती तळाशी बसते. हवा निघावी म्हणून काडीने ढवळायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती १० च्या रेघेवर होती. पाण्यातली १९ वर. म्हणजे जवळजवळ दुप्पट. मी दोन्ही मापं ओट्यावरून हलवलीच नाहीत, यांना ऑफिसातून आल्यावर दाखवली. हे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आपण याच्यावर झोपतो?"

मग आमच्या घराचं निदान झालं. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, हे काही गुपित नाही. म्हणून प्रत्येक घराला जमिनीत हौद. आमचा हौद नैऋत्य कोपऱ्याला, पायाला चिकटून. काकांच्या सांगण्यावरून एका रात्री तो काठोकाठ भरला, कोणी वापरायचं नाही असा दम दिला, पातळीवर खूण केली. सकाळी पाणी दोन बोटं खाली. म्हणजे वर्षानुवर्षं तो कोपरा आम्ही पाजत होतो. आणि बरोबर समोरच्या, ईशान्य कोपऱ्यापासून आठ फुटांवर सासूबाईंनी लावलेला कडुलिंब. तो उन्हाळ्यात मिळेल तिथली ओल ओढतो. एक कोपरा फुगून वर, दुसरा आटून खाली. मध्ये भिंत. ती तिरकी फाटली नसती तरच नवल. शिवाय भेग वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणजे कोपरा खाली जातो आहे. हे वाचायलाही काकांनीच शिकवलं.

घराच्या मधोमध आणखी एक गंमत चालते. फरशीखालची जमीन उन्हापासून झाकली गेली, तिथली ओल उडून जात नाही, हळूहळू साठत राहते. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकते. म्हणून काळ्या मातीवरच्या घरांची फरशी मध्यभागी पोट आल्यासारखी होते. आमच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली तर ती भिंतीकडे घरंगळते. मुलांनी हा शोध माझ्या आधी लावला होता.

उपाय २०२१ च्या फेब्रुवारीत केला. पाऊस संपून बराच वेळ झालेला, उन्हाळा अजून चढायचा, म्हणजे माती फार फुगलेलीही नाही आणि फार आटलेलीही नाही, अशा वेळी. हौद रिकामा करून कायमचा बंद केला, आत मुरूम भरून धुमसाने ठोकला; त्याऐवजी जमिनीवर प्लास्टिकच्या दोन टाक्या. न्हाणीघराचा पाइप उकरला तर एका जोडातून पाझर, तोही बदलला. मग घराभोवती सहा फूट रुंद पट्टी. फूटभर काळी माती काढून मुरूम, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर कोबा, बाहेरच्या बाजूला उतार, दर चार फुटाला सव्वा इंच. पावसाचं पाणी पायाशी मुरायला नको आणि उन्हाळ्यात पायाखालची ओल उडायला नको, दोन्ही कामं एकच पट्टी करते. माझ्या मते लोक पहिलंच काम लक्षात घेतात. म्हणून उन्हाळ्यात बेफिकीर राहतात.

मिस्त्रीमामा कोबा भिंतीला घट्ट भिडवायला निघाले होते. काकांनी थांबवलं. भिंत आणि कोबा यांच्यात अर्ध्या इंचाची फट, तिच्यात डांबर. भिंत वेगळी हलेल, पट्टी वेगळी हलेल, एकीने दुसरीला ओढायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे माया." काका म्हणाले, "जॉइंट." आम्ही दोघं एकच म्हणत होतो.

कडुलिंबाचं काय करायचं यावर घरात आठवडाभर बोलणं झालं नाही, म्हणजे शब्दशः नाही, अबोलाच होता. मला वाटत होतं तोडावा. सासूबाईंनी काही न बोलता झाडाखाली बाज टाकली आणि दुपारची झोप तिथे सुरू केली. शेवटी काकांनीच त्यांची बाजू घेतली: एवढं मोठं झाड एकदम तोडलं तर इतकी वर्षं ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं, आणि सुकून बसलेला कोपरा उलटा फुगून वर येतो. तेव्हा दरवर्षी छाटणी करायची, पसारा वाढू द्यायचा नाही. बाज अजून तिथेच आहे.

या मेमध्ये भेगेत नाणं गेलं नाही. व्हिजिटिंग कार्ड एका घडीचं गेलं, दोन घड्यांचं अडकलं. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. पण दाराची चौकट आता उन्हाळ्यात अडकत नाही, आणि कटिंगच्या टेबलाखाली पुठ्ठ्याचा तुकडा दर सहा महिन्यांनी बदलावा लागत नाही.

ज्यांचं घर अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकीच्या जोरावर, दोन-तीन गोष्टी. काळी माती चार-पाच फूटच असेल तर ती ओलांडून मुरमापर्यंत जा, विषय संपला. जास्त खोल असेल तर अंडर-रीम पाइल म्हणतात तो प्रकार करून घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी तो रुळवला. जमिनीत गोल भोक पाडायचं आणि तळाशी ते कांद्यासारखं रुंद करायचं, खांबाच्या दोन-अडीच पट. मग सळई आणि काँक्रीट. ओल-सुकीचा खेळ वरच्या थरात चालतो, म्हणून असे पाइल निदान साडेतीन मीटर तरी खोल न्यायचे असतात. वरची माती कितीही फुगो, खालचा कांदा खांबाला वर येऊ देत नाही. वरचा बीम मात्र मातीवर टेकवायचा नाही, खाली तीनेक इंच मोकळं ठेवायचं, पुन्हा माया. दुसरा मार्ग आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी दाखवला. कालव्यांची अस्तरं काळ्या मातीवर उचकटायची, त्यावरच्या कामातून तो आला. चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर जाड थर मध्ये घालायचा. आपल्याकडचा चांगला चिकणसर मुरूम त्या कामाला चालतो, पण कोणताही मुरूम नव्हे, तपासून घ्या. आणि जोत्यातल्या भरावात खड्ड्यातून निघालेली काळी माती परत टाकू देऊ नका. कॉन्ट्रॅक्टर टाकतोच, कारण ती तिथेच पडलेली असते आणि फुकट असते. आमच्याकडे टाकली होती.

आता सप्टेंबरचं.

एरवी आम्ही सोलापूरकर आभाळाकडे बघून वर्षं काढतो. वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर, त्यातला बराचसा परतीच्या वेळी. माझी आजी म्हणायची, "पडतील हत्ती, कोसळतील भिंती." हत्ती म्हणजे हस्ताचा पाऊस. लहानपणी मला वाटायचं खरेच हत्ती येऊन भिंती पाडतात. या वर्षी हस्त लागायच्या आधीच, उत्तरा नक्षत्रातच सगळं झालं. सीना नदीला पूर, माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद. माझे गणवेशाचे दोन गठ्ठे ट्रान्सपोर्टमध्ये अडकले. ज्यांची घरं आणि जनावरं गेली त्यांच्यापुढे हे बोलायचीही लाज वाटते.

नवरात्राच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे मागून असा आवाज आला की कोणीतरी वाळूचा डंपर रिकामा करतं आहे. मागची कंपाउंडची भिंत तीस फूट लांबीची, अख्खी, आमच्या अंगणात पालथी पडली होती. माझी स्कूटर खाली. माणूस कोणी नव्हतं. एरवी साडेसहाला तिथे सासूबाई फुलं तोडत असतात.

भिंत पाच फूट उंच, सहा इंच विटांची, पाया दीड फूट. बांधली तेव्हा दोन्हीकडे जमीन सारखी होती. पुढे मागच्या प्लॉटवाल्याने आपली जागा उंच करायला चार फूट भराव टाकला. कशाचा? कुठल्याशा पायाच्या खड्ड्यातून निघालेल्या काळ्या मातीचा. त्या दिवसापासून आमची भिंत कंपाउंड राहिली नाही, धरणाची भिंत झाली, आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी कागदावर हिशेब मांडला. चार फूट म्हणजे १.२ मीटर पाणी भिंतीमागे साठलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सातशे किलोच्या वर रेटा, नुसत्या पाण्याचा. तीस फुटाला साडेसहा टन. भिजलेल्या मातीचा रेटा वेगळा, तिच्या फुगण्याचा आणखी वेगळा. पाण्याला बाहेर पडायला भिंतीत एकही भोक नव्हतं. मीच तेव्हा म्हटलं होतं, भोकं ठेवू नका, उंदीर येतात.

दरड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माळीण येतं, इर्शाळवाडी येते. सह्याद्रीचा उतार, धो धो पाऊस. सोलापूर सपाट, आपल्याला काय. पण १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जण गेले, तेही असेच अतिवृष्टीचे दिवस होते. मी तेव्हा बातमी वाचली, हळहळले, आणि आमच्या मागच्या भिंतीकडे एकदाही बघितलं नाही. चार फूट उंचीचा उतारसुद्धा उतारच असतो.

नवीन भिंतीचं काम तुळशीच्या लग्नाच्या आत संपलं. मागच्या प्लॉटवाल्याशी आधी जोरात, मग चहा घेऊन बोलणं झालं, खर्च अर्धा-अर्धा. भिंत डबराची, तळाशी अडीच फूट आणि माथ्याला सव्वा फूट, पाठ मातीकडे किंचित कललेली. पायाखाली मुरूम भरून ठोकलेला. खालून फूटभर उंचीवर पहिली ओळ आणि तिच्या वर दुसरी, तीन इंची पाइपचे तुकडे दर चार-पाच फुटांवर, आमच्या बाजूला उतरते. मिस्त्रीमामा त्यांना "भिंतीची नाकं" म्हणतात. भिंतीमागे फूटभर खडी, तिच्यामागे मुरूम. काळी माती भिंतीला टेकूच द्यायची नाही. वर भरावाच्या माथ्यावर उथळ नाली, म्हणजे पाणी आत मुरायच्या आधी कडेने गटारीत जाईल.

या कामात मला माझं कापड भेटलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. खडी आणि मातीच्या मध्ये काहीतरी गाळणी हवी, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळ खडीत बसतो आणि नाकं चोंदतात. मिस्त्रीमामांनी रिकामी सिमेंटची पोती आणली होती. काकांनी जिओटेक्स्टाइल सांगितलं. आणलं तर ते जाड, लोकरीच्या घोंगडीसारखं, न विणलेलं कापड. मी दोन्हींचे टेलरिंगच्या कात्रीने तुकडे कापले, दोन डब्यांच्या तोंडाला रबराने बांधले आणि त्याच काळ्या मातीचं गढूळ पाणी ओतलं. पोत्यातून पाणी एकदम धबाधबा गेलं आणि खाली डब्यात काळं. विणीच्या भोकांतून माती सरळ पडली. घोंगडीवर पाणी क्षणभर थांबलं, मग खालून थेंब थेंब, मग धार, आणि डब्यातलं पाणी फिकट चहासारखं. वर कापडावर मातीची साय. मिस्त्रीमामा वाकून बघत होते. "पोती घरी न्यायची का मग?" म्हणाले. नेली.

पहिला पाऊस अजून भिंतीने बघितलेला नाही. मागच्या बाजूने रबरी नळी सोडून तासभर पाणी दिलं तेव्हा नाकांतून स्वच्छ पाणी आलं. एक सोडून सगळ्या नाकांतून. तेवढं एक मिस्त्रीमामांनी तारेने टोकरून काढलं, आत त्यांच्याच हातची सिमेंटची गोळी होती.

माहेरचंही सांगते. बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या पायथ्याला भावाची शेती. वरची जमीन बरड, खालची भारी काळी. जुलैच्या शेवटी पंचमीला गेले तेव्हा विहिरीच्या काठापासून चार फुटांवर एक भेग दिसली, काठाला समांतर, अर्धचंद्रासारखी. मी चप्पल काढून तिच्यात बोटं घातली. भावाला म्हटलं, हिच्यात पाणी भरलं की हा सगळा तुकडा आत जाईल. भेग माती ठोकून बुजव, वरच्या अंगाला छोटा बांध घालून पाणी वळव, काठाजवळ ट्रॅक्टर लावू नको. भाऊ म्हणाला, "तू कापडं शिव. मातीतलं मला शिकवू नको." सप्टेंबरात तो तुकडा मोटारीसह विहिरीत गेला. फोनवर त्याने हे मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

तिथल्या तालींचीही, म्हणजे शेतातल्या पाणी अडवणाऱ्या बांधांचीही, तीच कथा. १९७२ च्या दुष्काळात आईने त्याच शिवारात कामावर पाट्या वाहिल्या आहेत. तालीच्या प्रत्येक टप्प्याला दगडी सांडवा, जादा पाणी शिस्तीत खाली उतरावं म्हणून. भारी काळ्या जमिनीत मातीची ताल उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून शिरून तिला फोडतं. हे सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनवाल्यांना जुन्या काळापासून माहीत आहे. भारी जमिनीत पाणी अडवून धरण्यापेक्षा त्याला हळू ढाळ देऊन काढून द्यायचं म्हणतात. आमच्या आजोबांच्या सगळ्या सांडव्यांपैकी एक भावाने दोन वर्षांपूर्वी बुजवला, तेवढीच तीन-चार सऱ्या ऊस जास्त. या वर्षी ताल बरोबर त्या जागेच्या शेजारी फुटली. बाकीचे दगडी सांडवे जागेवर, कडेचं घायपात आणि मारवेल गवतसुद्धा जागेवर.

माहेरचं माळवद मात्र गळलं नाही. दर मिरगाच्या आधी वडील गढीची पांढरी माती आणून माळवदावर पसरायचे, आता भाऊ पसरतो. ती पाणी प्यायली की गच्च बसते आणि खालचं कोरडं ठेवते. माती नेमक्या जागी वापरली तर केवढी कामाची, हे त्या घराला माझ्या घराच्या आधी कळलं होतं. हे मी भावाला म्हटलं तेव्हा तो खूश झाला. सांडवा उन्हाळ्यात परत उघडतो म्हणाला. बघू.

परवा समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली. नवं जोडपं आहे, दोघंही पुण्यात नोकरीला, आईवडिलांसाठी घर बांधताहेत. मी चहा घेऊन गेले आणि खड्ड्यात वाकून बघितलं. पाच फूट झालं होतं, अजून काळीच. मुलगी म्हणाली, "काकू, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय एवढं बास." मी काही बोलले नाही. डबाभर माती मागून आणली. आता ती गच्चीवर पेपरवर वाळते आहे, व्हॉइलचा तुकडा काढून ठेवला आहे. अडचण एकच, रॉकेल रेशनवर मिळायचं बंद झालंय आणि घरातला जुना कॅन तळाला गेलाय. सासूबाईंनी देवघरामागून एक बाटली काढून दिली. कधीची, कशासाठी ठेवलेली, विचारलं नाही. परवा सकाळी त्या मुलीला ओट्याशी बोलावलं आहे, दोन्ही मापं बघायला.